आतली ऊब

घरात थर्मामीटर असतो तो तापासाठी. औषधांच्या डब्यात तो वर्षभर पडून असतो आणि एखादे मूल कण्हू लागले की त्याची आठवण होते. आमच्या लेस्टरच्या घरात मात्र थर्मामीटर दोन आहेत. एक माणसांचा, दुसरा जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवलेल्या एका पांढऱ्या पिंपाचा. पहिल्याची गरज क्वचित लागते. दुसऱ्याचे काम मुख्य देवदूत मायकलच्या सणाला सुरू होते आणि संत जॉर्जच्या सणापर्यंत चालते. या दुसऱ्या थर्मामीटरविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

पिंपात बिअर असते. हे वाक्य वाचून वसईतील काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडेल, याची आम्हांस कल्पना आहे. म्हणून दोन गोष्टी आधीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. पहिली कायद्याची. इंग्लंडमध्ये १८८० च्या कायद्याने घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना काढावा लागे. ती अट १९६३ मध्ये रद्द झाली. तेव्हापासून येथे घरापुरती बिअर कोणीही करू शकतो. मात्र ती विकता येत नाही. महाराष्ट्रात तसे नाही. तेथे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा हा लेख म्हणजे गावाकडच्या बांधवांना दिलेले आमंत्रण नव्हे. दुसरी गोष्ट घराची. आमच्या कुटुंबाने दारूचे दुःख जवळून पाहिलेले आहे. त्याविषयी पुढे ओघाने येईलच. किंबहुना त्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

बिअरची कृती ऐकायला साधी आहे. सातूला मोड आणून, वाळवून, मंद भाजून त्याचा माल्ट करतात. तो बाजारात तयार मिळतो. तो भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरवायचा, म्हणजे धान्यातील पिष्टाची साखर होते. मग चोथा गाळून काढायचा आणि उरलेला गोड काढा हॉप्स नावाची कडसर फुले घालून तासभर उकळायचा. काढा २० अंशांच्या आसपास थंड झाला की पिंपात ओतायचा आणि वरून यीस्ट, म्हणजे आपले खमीर, सोडायचे. झाकणाला पाणी भरलेली एक वाकडी नळी असते. तिच्यातून आतला वायू बुडबुडत बाहेर जातो; बाहेरची हवा आत येत नाही. आमच्या पिंपात पाच इंग्लिश गॅलन, म्हणजे सुमारे २३ लिटर काढा मावतो.

येथवर स्वयंपाकघराचे काम. ज्यांनी पुरणपोळीचे पुरण आटवले आहे किंवा नाताळात दोदोल घोटला आहे, त्यांना यात अवघड असे काही वाटणार नाही. खरे अवघड काम यापुढे सुरू होते आणि ते माणसाच्या हातात राहत नाही. यीस्ट हा सजीव आहे. तो साखर खातो, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर टाकतो आणि हे करताना ऊब निर्माण करतो. श्रम करणाऱ्याचे अंग तापावे तसे त्याचे होते. आणि येथेच नवशिक्याची फसगत होते. तो खोलीतल्या भिंतीवरचा थर्मामीटर पाहतो. तेथे १८ अंश दिसतात. तो निश्चिंत होतो. पिंपाच्या पोटात मात्र तेव्हा २२ किंवा २३ अंश झालेले असतात.

ही ऊब किती असते? आमच्यासारख्या पिंपात दीड-दोन किलो साखर आंबते. तिच्यातून निघणारी सारी उष्णता आतच कोंडून राहिली तर तो २३ लिटर द्रव दहा अंशांहूनही अधिक तापेल. प्रत्यक्षात पिंपाच्या भिंतीतून बरीचशी उष्णता निसटते. त्यामुळे आत बाहेरच्यापेक्षा दोन ते पाच अंश अधिक असतात. पिंप जितके मोठे, तितकी ऊब निसटायला जागा कमी. मोठ्या ब्रुअरीतील टाक्यांना थंड पाण्याच्या नळ्यांचा वेढा द्यावा लागतो तो यासाठीच.

दोन-चार अंशांनी असे काय बिघडते, असे कोणीही विचारील. आमच्या प्रकारच्या बिअरचा यीस्ट १८ ते २० अंशांत सुखाने काम करतो. जर्मन पद्धतीच्या लागर बिअरचा यीस्ट ८ ते १३ अंशांत रमतो. ऊब वाढली की यीस्ट उधळतो. भराभर वाढतो, भराभर खातो आणि घाईच्या कामात नको ती द्रव्ये मागे सोडतो. त्यांतील काही द्रव्यांना पिकलेल्या केळ्याचा वास येतो. तो थोडा असला तर एखाद्या प्रकारात शोभूनही दिसतो. अधिक तापले तर नखांचे रंग पुसण्याच्या द्रवासारखा उग्र वास येतो आणि घशाला चटका देणारे जड मद्यार्क तयार होतात. हे एकदा झाले की त्यावर उपाय नाही. नंतर पिंप बर्फात ठेवले तरी आत तयार झालेले परत जात नाही. उलट, फार थंडी पडली तर यीस्ट निजतो. काम अर्धवट टाकून तळाशी बसतो.

यात ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की सारा धोका पहिल्या तीन दिवसांतला असतो. यीस्ट सोडल्यावर पहिले काही तास वरकरणी काहीच घडत नाही. मग पृष्ठभागावर फेसाची साय धरते, नळीत बुडबुडे येऊ लागतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आत कल्लोळ माजतो. चवीचे जे काही बरेवाईट व्हायचे ते बहुतेक याच वेळी होते. पुढे आवेग ओसरला की दोन अंश ऊब वाढू देणे हिताचेच असते. कारण लोण्याचा वास देणारे एक द्रव्य यीस्टने आधी सोडलेले असते, ते तो त्या उबेत स्वतःच परत खाऊन टाकतो. म्हणजे तापमान नुसते कमी ठेवायचे नसते. कोणत्या दिवशी किती, हे पाहायचे असते. म्हणून वही लागते.

आमची वही शाळेच्या वहीसारखीच आहे. डावीकडे तारीख आणि वेळ, मग खोलीचे तापमान, मग पिंपाचे. एका पिंपाची नोंद नमुन्यादाखल देतो. पहिली संध्याकाळ : खोली १८, पिंप १८. दुसरी सकाळ : खोली १७, पिंप १९. दुसरी संध्याकाळ : खोली १८, पिंप २१. येथे पिंप गार पाण्याच्या टबात उतरवले. तिसरी सकाळ : खोली १७, पिंप १९. पाचवा दिवस : खोली १८, पिंप १८, टबातून बाहेर काढले, वर घोंगडी घातली. आठवा दिवस : बुडबुडे जवळजवळ थांबले.

पिंपाचे तापमान कसे घ्यायचे, यालाही शिस्त आहे. बाहेरून चिकटवायची एक पट्टी मिळते; उबेप्रमाणे तिच्यावरचा आकडा रंग बदलतो. ती स्वस्त आहे आणि घरच्या कामाला पुरते. त्याहून बरे म्हणजे थर्मामीटरची तारेची अणी पिंपाच्या कुशीला चिकटवून तिच्यावर कापडाची जाड घडी बांधणे, म्हणजे खोलीची हवा तिला लागत नाही. सर्वांत खात्रीचे म्हणजे झाकणातून आत जाणारी, तळ बंद असलेली पोलादी नळी. तिच्यात अणी सोडली की ती थेट द्रवाच्या मध्यभागाची खबर देते. थर्मामीटरही अधूनमधून वितळत्या बर्फात बुडवून पाहावा. तेथे त्याने शून्य दाखवले पाहिजे. मोजणाऱ्यालाही मोजावे लागते.

पिंप गार ठेवण्याची युक्ती तर आम्ही वसईहूनच आणलेली आहे. उन्हाळ्यात माठाभोवती ओले गोणपाट गुंडाळताना आपण सर्वांनी पाहिले आहे. पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जाते आणि माठ गार होतो. आम्ही पिंपाला जुना सुती सदरा चढवतो, त्याची खालची कड टबातल्या पाण्यात सोडतो आणि समोर लहान पंखा लावतो. दोन-तीन अंश सहज उतरतात. घरी पीठ फुगवताना ताडी किती आणि ऊब किती, हे ज्या बायका बोटाने ओळखत, त्यांना हे सारे बालिश वाटेल. पण त्यांच्या बोटांत पिढ्यांची वही होती. आमच्या बोटांत ती नाही.

आता थोडे मागे जाऊ. कारण या उबेशी माणसाचा झगडा जुना आहे आणि त्यात आपल्या ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेचाही वाटा आहे. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५३ मध्ये फर्मान काढले, की संत जॉर्जच्या सणापासून संत मायकलच्या सणापर्यंत, म्हणजे २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर, कोणी बिअर करू नये. त्या काळी थर्मामीटर नव्हता. यीस्ट हा जीव आहे हेही कोणास ठाऊक नव्हते. एवढेच कळत होते, की उन्हाळ्यात केलेली बिअर नासते. ज्यांच्याजवळ अंश नव्हते त्यांनी संतांचे सण हेच अंश मानले. शेतकऱ्याला, गवळ्याला, पाद्रीबाबांना, सर्वांना कळणारे ते माप होते. बंदी १८५० पर्यंत टिकली. पुढे १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे याने म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीसाठी थंडावा निर्माण करणारे यंत्र तयार केले आणि उन्हाळाही पिंपाला धार्जिणा झाला. आज आपल्या घराघरांत असलेल्या फ्रिजच्या वंशावळीत बिअरच्या या टाक्या आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही.

इंग्लंडमध्ये नॉरिच शहराच्या १४६८ च्या एका नोंदीत यीस्टच्या फेसाला ‘गॉडिस गुड’ असे नाव आढळते. देवाचे भले देणे, असा त्याचा भाव. कारण कळत नव्हते. कृपा कळत होती. कारण समजायला १८५७ पासूनचे लुई पाश्चरचे संशोधन यावे लागले. त्याने आंबणे हे सूक्ष्म जीवांचे काम असल्याचे दाखवले. १८७१ मध्ये तो लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत गेला आणि तेथील यीस्ट त्याने सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. बिअरवरचा त्याचा ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियान हान्सेन याने यीस्टची एकाच पेशीपासून वाढवलेली शुद्ध जात मिळवली.

थर्मामीटर मात्र त्याआधीच ब्रुअरीत शिरला होता, तोही चोरपावलांनी. हॅम्पशायरमधील ऑल्टन गावचा जेम्स बेव्हरस्टॉक याने १७६० च्या सुमारास तो वापरायला घेतला, तेव्हा त्याच्या वडिलांना ही नवी थेरे पसंत नव्हती. त्यामुळे ते उपकरण त्याला वडिलांपासून लपवून वापरावे लागे, असे सांगतात. वडिलांचा हात पिढ्यांचा अनुभवी होता. पण हाताला ‘कोमट’ आणि ‘गरम’ एवढेच कळते. १९ आणि २२ यांतला फरक कळत नाही. पुढे सॅलफर्डच्या एका ब्रुअरीमालकाच्या मुलाने, जेम्स जूलने, पाणी घुसळले असता ते किती सूक्ष्म प्रमाणात तापते हे मोजून श्रम आणि उष्णता यांचे नाते सिद्ध केले. तापमानाचा इतका बारीक फरक वाचण्याची सवय त्याला ब्रुअरीतल्या वातावरणात लागली, असे काही इतिहासकार मानतात. शाळेत उर्जेचे एकक म्हणून ज्याचे नाव आपण घोकले, तो हाच.

आमच्या घरापासून फार दूर नाही असा माउंट सेंट बर्नार्ड नावाचा ट्रॅपिस्ट मठ आहे. १८३५ मध्ये तो स्थापन झाला. तेथील मठवासी दीर्घकाळ दुभती जनावरे राखून उदरनिर्वाह करीत. तो व्यवसाय परवडेना, तेव्हा त्यांनी बिअर करण्याचे ठरवले आणि २०१८ मध्ये ‘टिंट मेडो’ नावाची त्यांची गडद बिअर लोकांसमोर आली. मठाचे पहिले साधू ज्या कुरणात येऊन राहिले त्या कुरणाचे ते नाव. इंग्लंडमधली ती पहिली ट्रॅपिस्ट बिअर. बेल्जियममधल्या मठांत तर ही परंपरा १८३० च्या दशकापासूनची आहे. तेथील शिमे मठाच्या फादर थिओडोर यांनी १९४८ मध्ये स्वतःच्या मठाचा यीस्ट वेगळा काढून जोपासला. प्रार्थनेच्या तासांमध्ये टाकीचे तापमान पाहणारे मठवासी आमच्या डोळ्यांसमोर येतात तेव्हा ते विसंगत वाटत नाहीत. जागरण हे त्यांचे व्रतच आहे.

ख्रिस्तसभेने या पेयाकडे तोंड वाकडे करून पाहिलेले नाही. रोमन विधिग्रंथात बिअरवर म्हणावयाची आशीर्वादाची प्रार्थना आहे. पण तेवढेच सांगितले तर अर्धे सांगितल्यासारखे होईल. संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीच्या चाळीसाव्या अध्यायात पेयाचे माप ठरवून दिले. वर असेही नोंदवले, की ज्यांना पूर्ण वर्ज्य करण्याचे बळ देवाने दिले आहे त्यांना त्याचे फळ मिळेल. आयर्लंडमध्ये कापुचिन धर्मगुरू थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १८३८ पासून लक्षावधी लोकांना मद्यत्यागाची शपथ दिली. डब्लिनचा मजूर मॅट टॅल्बट तरुणपणी पुरता दारूच्या आहारी गेला होता. १८८४ मध्ये त्याने शपथ घेतली आणि १९२५ मध्ये मरेपर्यंत पाळली. ख्रिस्तसभेने १९७५ मध्ये त्याला आदरणीय म्हणून घोषित केले. शुभवर्तमानातही खमिराचा उल्लेख दोन्ही अंगांनी येतो. एका दाखल्यात ते देवाच्या राज्यासारखे आहे. दुसऱ्या ठिकाणी परुश्यांच्या खमिराविषयी जपून राहण्याचा इशारा आहे. खमीर एकच. प्रश्न ते कोठे, किती आणि कोणाच्या नजरेखाली काम करते याचा.

२०१७ च्या नोव्हेंबरात आम्ही मुद्दाम एक प्रयोग केला. एकच काढा दोन पिंपांत निम्मा निम्मा ओतला. यीस्ट एकाच पुडीतला. एक पिंप जिन्याखाली, टबात ठेवून १९ अंशांच्या आसपास राखले. दुसरे घर तापवणाऱ्या बॉयलरशेजारी ठेवून त्याला मोकळे सोडले. ते दुसऱ्या रात्री २८ अंशांवर गेले. बॉयलरजवळचे तिसऱ्या दिवशी शांत झाले. जिन्याखालच्याला आठ दिवस लागले. महिन्याभराने दोन्ही बाटल्या पेल्यांत ओतल्या. रंग सारखा, फेस सारखा, निवळपणा सारखा. डोळ्यांनी निवडता आले नसते. नाकाजवळ नेल्यावर मात्र एकाला भाजलेल्या पावाचा वास होता, दुसऱ्याला रंगाच्या दुकानाचा. एक घोट घेतल्यावर तर शंकेला जागाच उरली नाही.

२०१९ च्या ऑक्टोबरात आमच्या थोरल्या काकी वसईहून काही दिवस आमच्याकडे राहायला आल्या. वर सांगितलेले दुःख ते त्यांचे. थोरले काका गावात मानाने वावरत. रविवारी चर्चमध्ये गायनमंडळात उभे राहत. त्यांचा आवाज पहाडी होता. घर नीटनेटके, अंगण सारवलेले, मुले शाळेत जाणारी. येणारा जाणारा ते पाहून समाधानाने परत जाई. रात्री दारे लागल्यावर आत काय होई, ते काकींना आणि आमच्या चुलत भावंडांना ठाऊक. काका पन्नाशीच्या आतच गेले. त्यांच्या अंत्यविधीला आलेल्यांपैकी कित्येकांना त्या दिवशी प्रथमच कारण कळले. आम्ही तेव्हा लहान होतो.

म्हणून काकी येणार म्हटल्यावर पिंपाचे काय करावे, यावर आम्हां उभयतांत बरीच चर्चा झाली. लपवावे असे वाटेना. लपवण्यातूनच तर त्या घरातले सारे सुरू झाले होते. तेव्हा पिंप जागेवरच राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहीत आकडा लिहिताना काकींनी पाहिले आणि विचारले, हे काय? आम्ही सर्व सांगितले. बिअर आहे हे सांगितले. यीस्टची ऊब, पहिले तीन दिवस, खोली आणि पिंप यांतले अंतर, तेही सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. वाकून त्यांनी तळहात आधी भिंतीवर ठेवला, मग पिंपाच्या कुशीवर.

“भिंत गार आहे, हे ऊन आहे,” एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी आपणहून विषय काढला. “तुमच्या काकांचंही असंच होतं, पोरांनो. लोक ओटीवर बसायचे, घर छान आहे म्हणायचे, निघून जायचे. पाद्रीबाबासुद्धा घर आशीर्वादित करायला आले, तेव्हा विचारलं, ‘सगळं बरं ना?’ मी म्हटलं, ‘बरं आहे.’ दुसरं काय म्हणणार? पुन्हा एकदा कोणी विचारलं असतं, तर कदाचित बोलले असते.”

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, एका पिंपाच्या बाटल्या किती होतात? आम्ही म्हटले, सुमारे चाळीस. त्यावर काकी म्हणाल्या, “किती तापलं ते वहीत लिहिता, ते चांगलं. किती प्यालात तेही लिहा. त्याच पानावर.”

आम्ही पिंप बंद करावे असे त्यांनी म्हटले नाही. पेल्यालाही हात लावला नाही. पण त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढला. बाटली उघडली की तारीख लिहायची आणि कोणासाठी उघडली तेही. सांगायला संकोच वाटतो, पण पिंपाचा आकडा लिहिणे सोपे आहे. हा दुसरा आकडा लिहिताना हात जरा थांबतो. थांबतो हेच त्याचे काम. उपवासकाळात तो रकाना कोराच राहतो. राखेच्या बुधवारच्या सुमारास भरलेल्या बाटल्या पुनरुत्थानाच्या सणापर्यंत कपाटात मुरत पडतात, आणि त्यामुळे त्यांची चवही सुधारते.

१९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये उष्म्याचा उच्चांक झाला. आमच्या शेजारच्या लिंकनशायरमधील कॉनिंग्सबी येथे ४०.३ अंश नोंदले गेले. वसईच्या मे महिन्यातही असे दिवस विरळा. येथील घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली, पंखेही नाहीत. त्या दिवशी जिन्याखालचा कोनाडासुद्धा ३० अंशांच्या वर होता. पिंप रिकामे आणि पालथे होते. कारण आम्ही केव्हाच बव्हेरियाच्या ड्यूकचे फर्मान घराला लावून घेतले आहे : संत जॉर्ज आले की पिंप धुऊन पालथे घालायचे, मुख्य देवदूत मायकल आले की सुलटे करायचे. यंत्राने थंडावा विकत मिळतो. पण वर्षातून पाच महिने एखादी गोष्ट न करणे हेही घराच्या प्रकृतीला मानवते, असा आमचा अनुभव आहे.

या छंदाने आम्हांला शिकवले ते बिअरपुरते राहिले नाही. आपला समाज आता दूरदूर पांगला आहे. कोणी आखातात, कोणी कॅनडात, कोणी जहाजावर. रविवारी फोन होतो. ‘कसे आहात?’ ‘बरे आहे.’ हे ‘बरे आहे’ म्हणजे खोलीचे तापमान. ते खोटे नसते. पण ते आतले नसते. ज्याच्या आत काही उकळत आहे तोही भिंतीवरचा आकडाच वाचून दाखवतो. कारण विचारणाऱ्याने तोच विचारलेला असतो. आणि पहिले दिवस निघून गेले की मागाहून ओतलेले थंड पाणी कामास येत नाही. नवीन देशात आलेला तरुण, नुकतीच नोकरी गेलेला गृहस्थ, जोडीदार गेल्यावर एकट्या पडलेल्या आजी, यांच्या बाबतीत पहिले दिवस कोणते, हे ओळखून त्याच वेळी फोन करायला हवा. एकदा नव्हे, सकाळ-संध्याकाळ.

काकी आता ऐंशीच्या पुढे आहेत. रविवारच्या मिस्सेनंतर आमचा त्यांना फोन असतो. त्या ‘बरे आहे’ म्हणतात. मग आम्ही थोडे थांबतो आणि पुन्हा विचारतो, “काकी, गुडघा कसा आहे? रात्री झोप लागते का? काल जेवायला सोबत कोण होते?” तेव्हा त्या हसतात आणि म्हणतात, “लावा, पट्टी लावा.” आणि मग खरे काय ते सांगायला बसतात. फोन कधी कधी तासभर चालतो.